काठ सजतील, पाण्याचे काय?

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या बुरुजावरून खाडीकडे नजर टाकली, की मराठी माणसाची मान अभिमानाने ताठ होते. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी कल्याण-भिवंडी स्वराज्यात दाखल झाली आणि याच खाडीच्या काठी छत्रपती शिवाजी महाराजांनी गलबते बांधण्याचा उद्योग आरंभिला. ज्याचे आरमार त्याचा समुद्र, हे त्या काळी हिंदुस्थानातील भल्याभल्या बादशहांना उमगले नव्हते. ते सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या एका तरुण राजाला उमगले, आणि त्याची पहिली खूण या काठावर उमटली. त्या स्मृतीला साजेसे काही उभे राहावे, म्हणून भारतीय नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली 'टी-८०' ही नौका दुर्गाडीच्या पायथ्याशी आणण्याचा आणि तेथे नौदलाचा इतिहास सांगणारे दालन उभारण्याचा संकल्प झाला. संकल्प स्तुत्य आहे. नव्या पिढीला घराजवळ आरमाराचा इतिहास पाहता यावा, यापरते चांगले काय?

परंतु बुरुजावरून खाली उतरून पाण्याच्या कडेला गेले, की अभिमानाने ताठ झालेली मान आपोआप खाली जाते आणि हात नाकाकडे जातो. ज्या पाण्याने आरमाराची गलबते पेलली, त्या पाण्याला आज काठावर उभे राहवत नाही इतका दर्प येतो. नौका आणता येते, दालन बांधता येते, दिव्यांची रोषणाई करता येते. पाणी मात्र कंत्राट देऊन एका हंगामात बदलता येत नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महानगरांत गेली काही वर्षे खाडीकिनारा विकासाचा जो गजर चालला आहे, त्याची खरी कसोटी येथे आहे.

हा गजर नवा नाही. केंद्र शासनाने जून २०१५ मध्ये 'स्मार्ट सिटी' अभियान घोषित केले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या शहरांच्या यादीत ठाणे व कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांचा समावेश झाला. दोन्ही शहरांच्या आराखड्यांत खाडीकाठाला मानाचे स्थान होते. ठाण्यात नागला बंदर, कोलशेत, बाळकूम, साकेत, कळवा, कोपरी अशा ठिकाणी काठ विकसित करण्याच्या योजना आखल्या गेल्या; गायमुखला चौपाटी झाली; पारसिकच्या रेतीबंदरावरील रेतीचा पसारा हटवून तेथेही चौपाटीची आखणी झाली. ३१ मार्च २०२५ रोजी ते अभियान औपचारिकपणे संपुष्टात आले. आता त्याचा हिशेब मांडण्यास हरकत नसावी, आणि तो किती मीटर पदपथ झाला व किती बाके बसवली एवढ्यावर मांडून भागणार नाही.

मुळात ही शहरे खाडीची अपत्ये आहेत, हेच विस्मरणात गेले आहे. रोमन साम्राज्याशी व्यापार चालत असे त्या काळच्या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख बंदर म्हणून येतो. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. ठाणे हे शिलाहारांचे श्रीस्थानक. कौपिनेश्वराचे मंदिर मासुंदा तलावाच्या काठी उभे आहे, आणि शिलाहारांच्याच काळातले अंबरनाथचे शिवालय, ज्याच्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा निर्देश सापडतो, तेही वालधुनी नदीच्या काठी. पाणी तेथे देऊळ आणि देऊळ तेथे पाणी, ही या भूमीची रीत होती. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला गेला, तो खाडीवर नियंत्रण हवे म्हणूनच. घोडबंदर, नागला बंदर, रेतीबंदर ही नावे आजही बसच्या पाट्यांवर झळकतात. मात्र बसमधून उतरणाऱ्यांपैकी कितींना तेथे कधी काळी खरोखरच बंदर होते याची जाण असते?

ही विस्मृती कशी घडली, याचे उत्तर रेल्वेत आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला पोहोचली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. ठाण्याने त्या मानाचा सार्थ अभिमान बाळगला आहे. पण त्या दिवसापासून शहरांनी हळूहळू कूस बदलली. ज्या गावांची तोंडे धक्क्याकडे होती, ती स्थानकाकडे वळली. पेठा स्थानकाकडे सरकल्या, वसाहती स्थानकाभोवती वाढल्या, जागेचे भाव स्थानकापासूनच्या अंतरावर ठरू लागले. डोंबिवलीसारखे शहर तर पुरते रेल्वेनेच घडवले. खाडी शहराच्या मागल्या दाराशी गेली, आणि घराच्या मागल्या दाराशी जे टाकले जाते, तेच तेथे टाकले जाऊ लागले.

कल्याणच्या आधारवाडीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. खाडीच्या अगदी काठी वर्षानुवर्षे साऱ्या शहराचा कचरा रिचवला गेला. त्याचा डोंगर झाला. उन्हाळ्यात त्या डोंगराला आगी लागत आणि धुराने आसपासच्या इमारतींतील वृद्ध व बालके कासावीस होत. घनकचऱ्याची विल्हेवाट न लावणाऱ्या महापालिकेला मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नव्या बांधकामांना परवानगी देण्यासच मनाई केली, तेव्हा कोठे यंत्रणा खडबडून जागी झाली. तरीही कचराभूमी बंद होण्यास २०२१ उजाडले. ठाण्याचा कचरा दिव्यात जात असे. तेही २०२३ मध्ये थांबले. दिव्याच्या रहिवाशांनी त्या दुर्गंधीत काढलेली वर्षे कोणत्या ताळेबंदात धरली जातील? एका शहराची स्वच्छता दुसऱ्या वस्तीच्या दारात नेऊन ओतायची, यालाच नगरनियोजन म्हणायचे असेल तर तो शब्द कोशातून काढून टाकलेला बरा.

कचराभूमी निदान दिसते, तिच्याविरुद्ध मोर्चा काढता येतो. पाण्यातील विष दिसत नाही. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, बदलापूरवरून कल्याणला येते आणि पुढे खाडी होऊन ठाण्याच्या उत्तरेकडून वसईला समुद्रास मिळते. घाटमाथ्यावर अडवलेले पावसाचे पाणी भिवपुरीच्या विद्युतगृहातून वीज निर्माण करून तिच्या पात्रात सोडले जाते, म्हणून ती ऐन वैशाखातही वाहती राहते. कोकणातील कितीतरी नद्या मार्गशीर्षातच आटतात. हे भाग्य उल्हासच्या वाट्याला आले. लाखो लोकांची तहान ती भागवते. कल्याण-डोंबिवलीचे पिण्याचे पाणी मोहिलीला याच नदीतून उचलले जाते. आणि तिच्या याच पट्ट्यात, मोहने, कांबा, म्हारळच्या परिसरात, नाल्यांतून सांडपाणी येऊन मिळते; उन्हाळ्याच्या तोंडावर नदीचे पात्र जलपर्णीने हिरवेगार होते. दुरून पाहणाऱ्याला ते कुरण वाटेल. ती हिरवळ म्हणजे पाण्यात मिसळलेल्या मैल्याची पावती होय.

वालधुनीची कथा याहून करुण. अंबरनाथच्या शिवालयाच्या पायाशी वाहणारी ही नदी उल्हासनगरातून जाताना गटार होते आणि कल्याणजवळ खाडीस मिळते. जीन्स धुण्याच्या कारखान्यांचे निळे पाणी तिने वर्षानुवर्षे पोटात घेतले. नोव्हेंबर २०१४ मध्ये एका टँकरमधून तिच्या पात्रात रात्रीच्या अंधारात रसायन ओतण्यात आले, त्याच्या वायूने शेकडो रहिवाशांना रुग्णालयात दाखल करावे लागले. नदीत विष कालवणारा माणूस पहाटे आपल्या घरी जाऊन पिण्यासाठी नळाचेच पाणी घेत असेल, याची त्याला तरी आठवण राहिली असेल का? राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणापायी सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना कोट्यवधींचा दंड ठोठावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यानंतर काही नाले वळवले गेले, काही प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. ती झाली हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु महापालिकेला कर्तव्याची जाणीव करून देण्यासाठी दर वेळी लवाद आणि न्यायालयच का लागावे, हा प्रश्न उरतोच. दंडाची रक्कम शेवटी करदात्याच्याच खिशातून जाते. ज्याने घाण केली तो उद्योजक व ज्याने डोळेझाक केली तो अधिकारी मात्र सुखाने झोपतो.

नदीकाठाच्या विकासाचा विषय निघाला की दोन उदाहरणे हटकून दिली जातात: सिंगापूर आणि अहमदाबाद. दोन्ही नीट समजून घेण्यासारखी आहेत, कारण ती सहसा अर्धीच सांगितली जातात. सिंगापूरची नदी १९७० च्या दशकात एखाद्या उघड्या गटारासारखी होती. १९७७ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी दहा वर्षांत ती स्वच्छ करण्याचे उद्दिष्ट आपल्या प्रशासनापुढे ठेवले. पहिली दहा वर्षे तेथे कोणीही काठावर उपाहारगृहे थाटली नाहीत. डुकरे व बदके पाळणारे गोठे हलवले गेले, झोपड्यांतील कुटुंबांना सरकारी घरे मिळाली, सुमारे ५ हजार फेरीवाल्यांना नळ आणि मोरी असलेल्या मंडया बांधून दिल्या गेल्या, मालवाहू होड्यांना अन्यत्र धक्का मिळाला, सांडपाण्याच्या वाहिन्या टाकल्या गेल्या, तळाचा गाळ उपसला गेला. १९८७ मध्ये पाणी स्वच्छ झाले. आज पर्यटक ज्या काठाची छायाचित्रे काढतात, तो काठ त्यानंतर सजला. आपल्याकडचे शिष्टमंडळ जाते ते ती सजावट पाहून परत येते.

अहमदाबादच्या साबरमतीचा प्रकल्प हा भारतीय महापालिकेने चिकाटीने तडीस नेलेला प्रकल्प आहे आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. १९९७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली, २०१२ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. सामान्य कुटुंबाला तिकीट न काढता संध्याकाळ घालवण्याची जागा मिळाली. परंतु त्या पात्रातले पाणी नर्मदेच्या कालव्याचे आहे. शहर ओलांडून पुढे गेलेल्या साबरमतीची अवस्था इतकी बिकट झाली की गुजरात उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. शिवाय ठाण्याची खाडी म्हणजे साबरमती नव्हे. साबरमतीचे पात्र वर्षातील बराच काळ कोरडे असे. तेथे भिंती बांधून पाणी कोंडता येते. येथे दिवसातून दोन वेळा भरती येते व दोन वेळा ओहोटी होते. खाडी श्वास घेते. तिला भिंतीत कोंडले, तर ते पाणी अन्य वाट शोधते, आणि ती वाट बहुधा कोणाच्या तरी घरातून जाते.

हा श्वास तिवरांच्या आधाराने चालतो. तिवर म्हणजे चिखलात माजलेले रान, ते तोडले की जागा 'मोकळी' होते, अशी समजूत बांधकाम व्यावसायिकांची असते. दुर्दैवाने ती नियोजनकारांतही आढळते. भरतीचा जोर तोडणे, गाळ धरून ठेवणे, कोळंबी, चिंबोरी, बोय, निवट्या यांच्या पिलांना आसरा देणे हे तिवरांचे काम कोणत्याही संरक्षक भिंतीला जमणारे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भंग ठरवला. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. इतक्या दाट वस्तीच्या महानगराच्या मधोमध असे स्थळ असणे ही जगात दुर्मीळ गोष्ट. एकीकडे हा गौरव, आणि दुसरीकडे सागरतट नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत खाडीकाठी १०० मीटर असलेले संरक्षित अंतर २०१९ च्या अधिसूचनेने ५० मीटरवर आणले. पन्नास मीटर कमी झाले म्हणजे नेमके काय झाले, हे कोलशेत-बाळकूमच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या उत्तुंग इमारतींच्या जाहिराती वाचल्या की कळते. खाडीचे दर्शन हा आता सदनिकेच्या किमतीतला एक घटक झाला आहे.

त्यात बाळकूम ते गायमुख असा सुमारे १३ किलोमीटरचा किनारी मार्ग येऊ घातला आहे. घोडबंदर रस्त्यावर दररोज तासन्‌तास अडकणाऱ्या नोकरदारांची व्यथा खोटी नाही. त्यांना रस्ता नको असे म्हणणे वातानुकूलित खोलीत बसून सोपे आहे. रस्ता हवा. पण ज्या काठावर नागरिकांना पाण्यापाशी आणायचे म्हणून चौपाट्या आखल्या, त्याच काठावर नागरिक आणि पाणी यांच्यामध्ये वाहनांचा मार्ग उभा राहणार असेल, तर दोन विभागांनी एकमेकांचे नकाशे पाहिले आहेत काय, एवढे विचारण्याचा अधिकार ठाणेकराला आहे.

आणखी एक घटक या नकाशांत कोठेच दिसत नाही, तो म्हणजे खाडीवर जगणारा माणूस. चेंदणीचा कोळी, विटाव्याचा, बाळकूमचा, दिव्याचा आगरी, खारबंदिस्ती राखून भातशेती करणारा, हातपाटीने बुडी मारून रेती काढणारा. या समाजांनी शतकानुशतके खाडी वापरली, ओरबाडली नाही. पोट भरण्यापुरते घ्यायचे आणि नारळी पौर्णिमेला तिलाच नारळ अर्पण करायचा, ही त्यांची पर्यावरणनीती कोणत्याही परिषदेत मांडली गेली नाही, म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाही. सक्शन पंप लावून रात्रंदिवस पात्र खरवडणारे आले ते नंतर, बांधकामांची भूक वाढल्यावर. बदनाम मात्र सरसकट सारेच झाले. उद्या काठावर फरसबंदी होईल तेव्हा जाळी वाळवायला जागा राहील का, होडी लावायला उतार राहील का, हे आराखडा मंजूर होण्याआधी कोळीवाड्यात जाऊन विचारायला हवे. भूमिपुत्राला त्याच्याच काठावर पाहुणा करून ठेवणारा विकास टिकत नाही.

पुराचे भान तर या सर्वांहून निकडीचे आहे. २६ जुलै २००५ चा प्रलय कल्याण, बदलापूर, डोंबिवलीच्या पश्चिमेकडील रहिवासी विसरलेले नाहीत. जुलै २०१९ मध्ये उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना नौदल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांच्यासह स्थानिक ग्रामस्थांनी सुखरूप बाहेर काढले. ती गाडी नदीत गेली नव्हती. नदी आपल्या जुन्या जागेत आली होती. पूररेषेच्या आत भराव टाकून उभ्या केलेल्या प्रत्येक वसाहतीचे पाणी खालच्या बाजूच्या कोणाच्या तरी उंबरठ्यावर जाते. काठाचे सुशोभीकरण करताना भराव किती पडणार आणि पाण्याचा विसर्ग किती अडणार, याचा अभ्यास झाला असेल तर तो मराठीत, सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्ध का होत नाही?

काठाचे पुनरुज्जीवन आणि शहराचे पुनरुज्जीवन हे दोन वेगळे विषय नाहीत. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याला उभारली जात असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला. २०१५ च्या पावसाळ्यात ठाकुर्लीत आणि नौपाड्यात जुन्या इमारती रहिवाशांसह कोसळल्या. या आघातांतून ठाण्यात समूह विकासाची, लोकभाषेत 'क्लस्टर'ची, योजना पुढे आली. किसननगरपासून तिचा आरंभ व्हायचा होता. किती वर्षे गेली! दरम्यान पावसाळा आला की धोकादायक इमारतींच्या याद्या निघतात, नोटिसा चिकटतात आणि रहिवासी जीव मुठीत धरून तेथेच राहतात. कारण जायला दुसरे छप्पर नाही. कल्याण-डोंबिवलीत अनधिकृत बांधकामांच्या चौकशीसाठी नेमलेल्या अग्यार समितीच्या संदर्भात ६७ हजार ९२० बांधकामांचा आकडा पुढे आला होता. त्या अहवालाचे पुढे काय झाले हे डोंबिवलीकरांना ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने, बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्या इमारतींत घर घेणारे कोण होते? निवृत्तीची पुंजी घातलेले, पत्नीचे दागिने मोडलेले, वीस वर्षांचे कर्ज काढलेले कुटुंबवत्सल लोक. बँकेने कर्ज दिले, नोंदणी कार्यालयाने मुद्रांक शुल्क घेतले, महारेराचा क्रमांक कागदावर होता. त्याहून अधिक खातरजमा सामान्य माणसाने कशी करायची? त्या कुटुंबांच्या दृष्टीने खाडीकिनाऱ्यावरची दिव्यांची माळ ही थट्टाच आहे.

म्हणून प्राधान्याचा प्रश्न टाळता येणार नाही. धोकादायक इमारतींतून माणसे बाहेर काढून त्यांना पक्के घर देणे आणि सांडपाण्याचा प्रत्येक थेंब प्रक्रिया करूनच खाडीत सोडणे, ही कामे आधीची. ती जमिनीखाली आणि वर्तमानपत्राच्या छायाचित्राबाहेर होतात. मैल्याच्या वाहिनीचे उद्घाटन कोणी फीत कापून करीत नाही, हेच कदाचित तिच्या दुर्लक्षाचे कारण असेल.

याचा अर्थ खाडीकडे वळू नये असा नाही. उलट वळावेच, पण ते उपयोगासाठी. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा जलमार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित झाला; लांबी १४५ किलोमीटर. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली येथे जेट्टींची आखणी झाली. वसई-भाईंदर दरम्यान फेब्रुवारी २०२४ मध्ये रो-रो सेवा सुरू झाली, तेव्हा रस्त्याने मोठा वळसा घालणाऱ्यांना दिलासा मिळाला. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल गाड्या एकमेकींशेजारून जात असताना दारात लोंबकळणारे प्रवासी रुळांवर पडले आणि काहींनी प्राण गमावले. त्या वळणापासून खाडी हाकेच्या अंतरावर आहे. जलवाहतूक लोकलला पर्याय ठरणार नाही, लोकलचा भार तिने उचलावा अशी अपेक्षा भाबडी आहे. पण शंभरातले दोन-चार प्रवासी जरी पाण्यावरून गेले तरी दारातली गर्दी तेवढी सैल होईल. ज्या मार्गाने कधी काळी सातासमुद्रापारचा व्यापार चालला, तो मार्ग डोंबिवलीच्या चाकरमान्याला कामावर नेण्याइतका अशक्य नसावा. त्यासाठी गाळ काढावा लागेल, पुलांखालची उंची पाहावी लागेल, भरती-ओहोटीचे वेळापत्रक सांभाळावे लागेल. कष्टाचे काम आहे. चौपाटी करणे त्याहून सोपे पडते.

समाजानेही हात झटकून चालणार नाही. गणेशविसर्जनासाठी कृत्रिम तलावांचा प्रयोग ठाण्याने इतरांच्या आधी केला, निर्माल्य वेगळे काढण्याची सवय लावून घेतली, आणि त्याने श्रद्धेला यत्किंचितही बाधा आली नाही. डोंबिवलीच्या श्रीगणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली आणि ती महाराष्ट्रभर, महाराष्ट्राबाहेरही, पसरली. ज्या गावाने साऱ्या प्रांताला वर्षारंभ साजरा करण्याची नवी रीत दिली, त्या गावाच्या पश्चिमेला मोठागावची खाडी आहे. तेथे मे २०२५ मध्ये माणकोली पूल वाहतुकीस खुला झाल्यावर हजारो डोंबिवलीकरांनी, कदाचित आयुष्यात प्रथमच, आपली खाडी मोटारीच्या खिडकीतून पाहिली. एखाद्या पाडव्याची यात्रा त्या काठापर्यंत जायला काय हरकत आहे? ढोल-ताशांचे पथक तेथे थांबावे, आणि शाळांतील मुलांनी आणलेल्या नळ्यांत त्या पाण्याचा नमुना भरून तपासणीस पाठवावा.

कल्याण-डोंबिवलीत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून कारभार प्रशासकांच्या हाती होता. खाडीकाठाच्या कितीतरी योजना याच काळात आखल्या गेल्या, फिरवल्या गेल्या, खर्च झाल्या. सभागृहात त्यावर एकही प्रश्न विचारला गेला नाही, कारण सभागृहच नव्हते. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले आणि दोन्ही शहरांना पुन्हा लोकनियुक्त प्रतिनिधी मिळाले. त्यांच्याकडून फार मोठी अपेक्षा नाही. प्रत्येक प्रभागातील कोणता नाला खाडीस कोठे मिळतो आणि त्यावर प्रक्रिया होते की नाही, याची यादी पहिल्या वर्षात प्रसिद्ध व्हावी. स्मार्ट सिटीच्या नावाने स्थापन झालेल्या कंपन्यांनी काठावर केलेल्या कामांचा जमाखर्च सभागृहापुढे यावा, आणि त्यांची देखभाल यापुढे कोण, कोणत्या पैशातून करणार तेही ठरावे. दुर्गाडीच्या पायथ्याशी येणाऱ्या पर्यटकांसाठी आरमाराच्या इतिहासाचा जो फलक लागेल, त्याच्या शेजारी दुसरा एक फलक लावावा: त्या महिन्यात खाडीच्या पाण्याची तपासणी केव्हा झाली, आणि तीत काय आढळले.